थंब मशीननं रोज कापला, सही माझी होती

डाळमिलवाली, जळगाव

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण हे तुकड्यात सांगण्यासारखं नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची तुरीची डाळमिल आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १४ माणसांवर सुरू केली. आज ४७ जण आहेत, त्यांत १९ बाया. तीन वर्षांमागे आबांची डावी बाजू गेली, तेव्हापासून मिल मी बघते. मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोब कळतो. पोत्यात हात घातला की तुरीत ओल किती आहे तेही आता कळायला लागलंय. माणसं किती कळतात, याबद्दल मात्र या जूनपासून मन खातंय.

मागच्या दिवाळीत एका सल्लागारांच्या सांगण्यावरून फाटकाशी थंब मशीन बसवलं. नियम असा ठरला की वेळ सकाळी ८ ची, आणि ८.१० नंतर अंगठा लागला तर अर्धा रोज कापायचा. महिना संपला की संगणक पगारपत्रक काढतो, मी सही करते, ७ तारखेला पैसे खात्यावर जातात. पहिले काही महिने मी खूश होते. हजेरीवरून रोज सकाळी जी किरकिर चालायची ती थांबली होती.

मे महिन्यात तापीकाठच्या एका गावाहून येणाऱ्या पाच बाया ११ दिवस उशिरा आल्या. साधारण ४० मिनिटं. संगणकानं प्रत्येकीचे ११ अर्धे रोज कापले. आमच्याकडे रोज ४८० रुपये आहे. म्हणजे एकीचे २,६४० आणि पाचजणींचे १३,२००. ही ओळ पगारपत्रकाच्या तिसऱ्या पानावर होती. मी ती वाचली होती. वाचून मला बरं वाटलं होतं, की चला, शिस्त लागतेय.

जूनअखेरीस आक्का माझ्याकडे उचल मागायला आल्या. आक्का आमच्याकडे २६ वर्षं आहेत. सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडायचं मशीन, यायच्या आधी त्या डाळ निवडायच्या, आता कट्ट्यांची तोंडं शिवतात. लहानपणी मी छतावर वाळत घातलेल्या तुरीवरून पळायचे तेव्हा मला ओरडण्याचा हक्क आईच्या खालोखाल त्यांचा होता. त्यांनी आजवर एकदाही उचल घेतलेली नाही. नातवाच्या वह्या-दप्तरासाठी २,००० हवे होते. मी सहज विचारलं, "आक्का, या वर्षी असं काय झालं?" त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीननं घेतले ना ताई, आता तुम्हीच द्या."

मग कळलं ते असं. त्यांच्या गावाची सकाळची एसटी मुळात शाळेच्या पोरांसाठी आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती फेरी बंद होते. पुढची गाडी पाऊण तासानं. काही दिवस या पाचजणी वर्गणी काढून काळीपिवळीनं आल्या, पण ते रोज परवडेना. मग ठरवलं, की कापू दे. मला सांगितलं का नाही, असं विचारलं तर आक्का म्हणाल्या, "कोणाला सांगायचं? मशीनला?" आबा धडधाकट असते तर फाटकाशी निंबाखाली खाट टाकून बसलेले असते आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं असतं. मी ८ वाजता आत ऑफिसात असते.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढे आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, बस सुरू झाली, बाया वेळेवर यायला लागल्या. जूनच्या अहवालात त्या पाच नावांपुढे हिरवी खूण आली आणि खाली लिहिलं होतं: सुधारणा.

आबांचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. कोणाला पगारपावती द्यायचे नाहीत. जादा कामाचे पैसे त्यांच्या मनावर असायचे. एखाद्यानं आवाज चढवला की पुढच्या आठवड्यात त्याचे रोज कमी व्हायचे. पण सॉर्टेक्स आणलं तेव्हाची त्यांची एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. तेव्हा २२ बाया निवडायला बसायच्या. मशीन रंग बघून काळा दाणा, खडा, टरफल हवेच्या झोतानं बाजूला उडवतं. जे काम २२ जणी दिवसभर करायच्या ते दुपारच्या आत होतं. आबांनी मशीनची ऑर्डर द्यायच्या सहा महिने आधी सगळ्यांना बसवून सांगितलं, की हे येणार आहे. ज्यांना पॅकिंग शिकायचं त्यांनी शिका, ज्यांना शेतीकामाला जायचं त्यांनी हंगाम बघून जा, कोणालाही मी मधेच काढणार नाही. १५ जणी राहिल्या. त्या महिन्यांत आमचा खर्च वाढला. आई बोलायची त्यावरून. आबा म्हणायचे, माझ्या मशीनची बातमी त्यांना फाटकाबाहेर कळायला नको.

आता सल्लागारांनी पुढचा प्रस्ताव दिलाय. पॅकिंगच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि दिवसभरात किती कट्टे भरले-शिवले ते, पहिले पाच हिरव्यात, शेवटचे पाच लाल रंगात. आक्का ५८ वर्षांच्या आहेत. त्यांचं नाव कुठे असेल ते मला आत्ताच दिसतंय.

धंदा धर्मादाय नाही हे मला माहीत आहे. डाळीत नफा किलोमागे पैशांत मोजतात, तूर महाग झाली की तोही जातो. पण १४ माणसं डोक्यात मावायची, ४७ मावत नाहीत, आणि कागदावर घेतली की ती माणसं उरत नाहीत, असं काहीतरी होतंय. तुमच्यापैकी कोणी कारखाना, कापसाची जिनिंग, दुकान चालवत असेल किंवा तिथं राबत असेल, तर सांगा: कुठली गोष्ट मशीनवर सोडता आणि कुठली स्वतःच्या हातात ठेवता?

जिनिंगवाला, धरणगाव

ताई, मशीन काढून टाकू नका, हे आधी सांगतो.

आमच्याकडे दसऱ्यापासून हंगाम सुरू होतो, तेव्हा ६०-७० माणसं लागतात. पूर्वी हजेरी मुकादमाच्या वहीत असायची. मुकादम माझ्या वडिलांच्या विश्वासातला. तो गेल्यावर वह्या काढून बघितल्या तर त्याच्या भावकीतल्या पोरांचे खाडे कधी लागलेच नव्हते. आणि दोन विधवा बाया होत्या, त्यांचे दर महिन्याला दोन-तीन खाडे. त्या कामावर होत्या हे मी स्वतः पाहिलेलं. त्यांच्याकडून तो काय मागत असेल आणि त्या काय देत नसतील, ते मी इथं लिहीत नाही. आमच्या नजरेसमोर हे वर्षानुवर्षं चाललं आणि आम्ही समजत होतो की आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे.

थंब आल्यावर त्या बायांची हजेरी पहिल्यांदा पूर्ण लागली. म्हणून सांगतो, अंगठा कोणाची भावकी बघत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तो फक्त किती वाजता आली एवढं सांगतो. का उशीर झाला ते सांगणारं दुसरं कोणीतरी लागतं. तुमची चूक नोंद घेण्यात झाली नाही. नोंद झाल्याबरोबर कापायचं कामही त्यालाच दिलं, तिथं झाली.

मी कपातीची यादी पगाराच्या चार दिवस आधी काढतो. ज्याचं नाव आहे त्याला बोलावून विचारल्याशिवाय एक रुपया कापत नाही. ६० माणसांत दर महिन्याला सात-आठ नावं निघतात, एक तास जातो. त्यातले दोघं थापा मारतात, ते मलाही कळतं आणि त्यांनाही कळतं.

चोपड्याचा, सध्या चाकण

ताई, तुमचं वाचून आईची आठवण आली. रागही आला, तो तुमच्यावर नाही.

माझ्या आईनं एका मिलमध्ये १९ वर्षं काम केलं. गाव-नाव लिहीत नाही. शेठ फार प्रेमळ. दिवाळीला मिठाई आणि लुगडं, माझ्या बहिणीच्या लग्नात स्वतः हजर, आईला "वहिनी" म्हणायचे. पगारपावती एकही नाही. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही. आईच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा शेठनं ५,००० रुपये हातावर ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. पण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी हा हक्क असतो, १९७२ च्या कायद्यापासून, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. तिचा शेवटचा रोज ३०० होता. १५ गुणिले ३०० गुणिले १९, म्हणजे ८५,५०० रुपये. हे गणित मी आयटीआयला गेल्यावर केलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून "आपण सगळे एका घरचे" हे वाक्य मालकानं बोललं की मला धास्ती वाटते. घरच्या माणसाकडे पावती कोण मागणार? माझ्या आईनं मागितली नाही ती लाजेनं.

आता तुमच्या कपातीचं. पगारातून गैरहजेरीबद्दल कापायचं तर जेवढा वेळ माणूस नव्हता तेवढ्याच वेळाचं कापता येतं, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. ८ तासांना ४८० म्हणजे तासाला ६०, ४० मिनिटांचे ४०. ११ दिवसांचे ४४०. तुम्ही २,६४० कापले. एकीचे २,२०० जास्त, पाचजणींचे ११,०००. हे पैसे तुमचे नाहीत ताई. उचल म्हणून देऊ नका, परत करा. उचल फेडावी लागते.

बाकी कागदही बघून घ्या. २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येक जण ईएसआयमध्ये यायला हवा. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, तुमच्याकडून सव्वातीन टक्के. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार त्यातून मिळतो. जादा कामाचा दर दुप्पट, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे आणि ते आबांच्या किंवा तुमच्या मनावर नाही. तुम्ही माणुसकीबद्दल विचारलंत म्हणून हे लिहितोय. माझ्या घरात माणुसकीचा हिशोब याच आकड्यांवर लागला असता.

पडद्याबद्दल. मी इथं एका कारखान्यात लाइन लीडर आहे. जपानी पद्धतीचं नाव सगळे घेतात, त्यातली एक गोष्ट मला मनापासून पटलेली आहे. टोयोटाचं घराणं मुळात मागवाल्यांचं. साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग असा होता की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. धुळ्या-मालेगावच्या ज्या लोकांनी मागावर उभं राहून डोळे फोडलेत त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. मशीन स्वतःची चूक स्वतः ओळखतं, म्हणून माणसाला त्याच्यावर पहारा देत बसावं लागत नाही. पुढे मोटारीच्या कारखान्यात त्यांनी तीच कल्पना दोरीच्या रूपात आणली. कोणाही कामगाराला गडबड दिसली तर त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. लीडर धावत येतो, वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते.

आमच्याकडेही अशी सोय आहे. पहिल्या वर्षी कोणी हात लावत नव्हतं, कारण ओढली की लीडर येऊन विचारायचा, "कोणी ओढली?" मी लीडर झालो तेव्हा एवढाच बदल केला. जाऊन "काय झालं?" विचारायला लागलो. आता दिवसातून दहा-बारा वेळा ओढतात.

तुमच्या पडद्यावर नावं लावलीत तर शेवटचे पाच जण दुसऱ्या दिवशी वजन बघायच्या ऐवजी कट्टे मोजतील. शिलाई उसवलेला माल व्यापारी परत पाठवेल. लावायचाच तर आज मशीन किती वेळ बंद होतं आणि कशामुळे, ते लावा.

निवृत्त सिस्टर, भुसावळ

ताई, मी कारखान्याच्या दवाखान्यात २२ वर्षं काढली. हजेरीचं वरच्या लोकांनी सांगितलंच आहे, मी मे महिन्याबद्दल बोलते.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याकडे मालकांचं लक्ष जात नाही ती गोष्ट अशी की शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत ती सवय मोडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाया माहेरी जातात, झोके खेळतात, आठ-दहा दिवसांनी परत येतात आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी छतावर तूर उलथवायला. माझ्याकडे चक्कर येऊन आणलेल्यांत नवीन लागलेली आणि सुट्टीवरून आलेली माणसंच जास्त असायची. जगभरचा सल्ला असा आहे की अगदी नव्या माणसाला कडक उन्हात पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. जुन्याला परत आल्यावर थोडं लवकर चढवता येतं, पण पहिल्या दिवशी पूर्ण नाही. अहमदाबादनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघाताविरुद्धचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. तशी तयारी एका मिलपुरती करायला महापालिका लागत नाही. छतावरचं काम सकाळी ६ ते ११ आणि सायंकाळी, दुपारी १२ ते ४ कोणी वर नाही, एवढ्यानं निम्मं काम होतं. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही माठाशेजारी पाटी लावा. ताकाची बादली ठेवलीत तर उत्तम.

आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या १९ बायांसाठी संडास कुठे आहे? फाटकाबाहेर? कुलूप असतं? किल्ली पुरुषाकडे? मी एका ठिकाणी माठ भरून ठेवले, बाया पाणी पीतच नव्हत्या. सहा महिन्यांनी एकीनं सांगितलं, "सिस्टर, प्यायलं की जावं लागतं आणि किल्ली मागावी लागते." किल्लीवाल्यासमोरून जायची लाज वाटायची म्हणून त्या ४४ डिग्रीत दिवसभर कोरड्या राहायच्या. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मी गोळ्या देत बसले होते. सहा महिने. त्याचं मला अजून वाईट वाटतं. हे कुठल्याही थंब मशीनमध्ये दिसणार नाही, आणि विचारल्याशिवाय कोणी तुम्हाला सांगणार नाही. बाईनं विचारलं तर सांगतील. तुम्ही बाई आहात, ते एक सोपं आहे.

गुरुजी, पारोळा

थोडंच लिहितो.

माझे वडील एका सूतगिरणीत होते. ती बंद झाली त्या दिवशी फाटकावर टंकलिखित कागद चिकटवलेला होता. वडिलांना वाचता येत होतं म्हणून बाकीच्यांनी त्यांना पुढे केलं आणि स्वतःची नोकरी गेल्याचं त्यांनी दोनशे माणसांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आतून कोणीही बाहेर आलं नाही. गिरणी तोट्यात आहे हे सगळ्यांना कळत होतं, त्याबद्दल ते कोणाला दोष देत नसत. आतून कोणी आलं नाही, हे मात्र मरेपर्यंत सांगत. तुमच्या वडिलांनी सहा महिने आधी बायांना बसवून सांगितलं, हे वाचून मी थांबलो आणि ती ओळ पुन्हा वाचली.

आपल्या खान्देशात आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो. शेतकरी आणि सालदार समोरासमोर बसतात, धान्य किती, रोख किती, कपडे किती, सुट्ट्या कोणत्या, सगळं चार लोकांदेखत बोलून घेतात. त्या व्यवहारात सालदारावर अन्यायही भरपूर झाला, मी त्याची भलामण करत नाही. पण वर्षातून एकदा का होईना, त्याला विचारावं लागत असे. तुमच्या ४७ जणांना असं वर्षातून एकदा कोण विचारतं?

रविवारची सुट्टीसुद्धा कोणा मालकाला आपण होऊन सुचली नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली ती १८८४ मध्ये, आणि मागण्या करून, सभा घेऊन, सुट्टी पदरात पडली ती १० जून १८९० ला. तुमच्या बाया मे महिन्यात गप्प बसल्या. त्यांना बोलायला जागा करून द्या.

डाळमिलवाली, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्यानं लिहितेय, कारण काहीतरी करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

चोपड्याच्या दादांचं वाचून दोन रात्री झोप आली नाही. पैसे परत केले, एकीचे २,२००, वेगळ्या पावतीवर, "मे महिन्यातली जादा कपात परत" असं लिहून. आक्कांनी पावतीची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पैसे खात्यावर गेलेत हे सांगूनही त्यांना कागदच मोठा वाटत होता. मग मी सगळ्यांच्या पावत्या काढायला घेतल्या. २६ वर्षांत आमच्या मिलनं आक्कांना दिलेला तो पहिला कागद होता. आबांच्या खाटेशी बसून त्यांना हे सांगितलं. त्यांना आता नीट बोलता येत नाही. त्यांनी उजवा हात हलवला. त्याचा अर्थ "कर" असा मी घेतला.

ईएसआयमध्ये ६ जण राहून गेले होते, त्यांची नोंदणी झाली. जादा कामाचा दर दुप्पट केला. त्यानं पहिल्याच महिन्यात माझा हात पोळला. मग लक्षात आलं की निम्मं जादा काम आमच्याच नियोजनाच्या ढिलाईनं होत होतं. ट्रक कधी येणार ते हमालांना संध्याकाळी ५ ला सांगायचो. आता सकाळी सांगतो.

सिस्टर, संडास मागच्या भिंतीला होता आणि किल्ली वॉचमनच्या टेबलावर. तुम्ही लिहिलंत तसंच, अगदी तसंच. मी त्याच मिलमध्ये तीन वर्षं आहे, माझ्या ऑफिसला वेगळा आहे म्हणून मला कधी दिसलंच नाही. कुलूप काढलं, आतून कडी बसवली, दिवा लावला. दुसऱ्या आठवड्यात माठ दुपारीच रिकामा झाला.

धरणगावच्या भाऊंचं ऐकून थंब मशीन ठेवलंय, पण आपोआप कापणं बंद. नाव निघालं की माणसाला बोलवायचं, विचारायचं, कापायचंच तर तेवढ्या मिनिटांचं. पहिल्या महिन्यात नऊ नावं निघाली. एकाची बायको बाळंत झाली होती, तो रोज सकाळी डबा पोचवून यायचा. एक पोरगा रात्रीचा मोबाइल बघत जागतो, त्याचे कापले, तोही हसला. पडद्याला नाही म्हणून कळवलं. सल्लागार म्हणाले, स्पर्धेशिवाय उत्पादन वाढत नाही. मी म्हटलं, वाढेल तेवढं वाढू द्या. पडदा नाही, पण एक फळा लावलाय, मशीन कशामुळे थांबलं ते लिहायला.

गुरुजी, महिन्यातून एका सोमवारी निंबाखाली बसायचं सुरू केलं. पहिल्या बैठकीत पाव तास कोणी बोललं नाही. मला वाटलं, फसलं. मग सगळ्यांत लहान पोरगी, चार महिन्यांपूर्वी लागलेली, म्हणाली, पॅकिंगचा पंखा भिंतीकडे तोंड करून लावलाय, वारा आम्हाला लागतच नाही. एवढंच. त्याच संध्याकाळी पंखा फिरवला. दुसऱ्या बैठकीत हमाल बोलले, थप्पी बारा थरांची करायला लावता, वरचे तीन थर चढवताना पाय घसरतो. ते मला अजून सुटलेलं नाही, गोदामात जागा नाही. तसं त्यांना सांगितलं. कोणाला माहीत असेल तर सांगा, कमी जागेत थप्पी कशी लावता.

आणखी एक राहिलं. त्या पाचजणींतली एक जूनमध्येच काम सोडून दुसरीकडे लागली होती. तिचे २,२०० द्यायला मी रविवारी तिच्या गावी गेले. ती दारात धान्य निवडत बसली होती. तिनं पावती बघितली, पैसे मोजले, सूप बाजूला ठेवून चहा टाकला. मी सांगितलं, की आगारातून बसचं वेळापत्रक आणून थंब मशीनशेजारी लावलंय, आता मे महिन्यात तुमच्या गावच्या बायांची वेळ पावणेनऊची राहील, संध्याकाळी तेवढं भरून काढायचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, शाळा दिवाळीतबी बंद राहतात."

माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. काल परत आगारात जाऊन आले.